सूर्यफुलाची पाटी

ग्वेन थॅक्स्टर निवांत बसलेली बेल्डन फॉल्समध्ये कुणी पाहिली नव्हती. चर्चमध्येसुद्धा ती कडेचा बाक धरायची, म्हणजे उठायला बरं. बॉस्टनच्या एका जाहिरात कंपनीत उमेदीची सगळी वर्षं घालवून ती माघारी गावी आली. आईचं घर रंगवलं, छपराची गळती काढली, अंगणातलं गवत कापलं आणि मग आता काय, म्हणून दारात उभी राहिली. फोन वाजत नव्हता. ज्या फोनच्या नावानं तिनं जन्मभर खडे फोडले तो मुका झाला, तर तीच तो उचलून चालू आहे का बघायला लागली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक ओरेगनात. लेक म्हणाली, "आई, योगासनं कर." ग्वेननं तीही करून बघितली. शवासनात पडल्यापडल्या तिनं वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीची जाहिरात मनात रचली, आणि मढ्यानं उठून बसावं तशी उठून ती द्यायला वाचनालयात गेली.

तिथनं जी सुरुवात झाली ती थांबेना. वाचनालयाची समिती, रक्तदान, तळ्यावरच्या पाणपक्ष्यांची मोजणी, दफनभूमीची समिती. वर्षातनं एकदा कॉफी पिऊन उठणारी माणसं दर पंधरवड्याला बैठकीला बसायला लागली. दफनभूमीच्या पहिल्याच बैठकीत तिनं विचारलं, "आपल्याकडं लोक यावेत म्हणून आपण नेमकं काय करतो?"

ओनील पेलेटिए तिच्या शाळेतला. गावचा उकिरडा तो सांभाळायचा. तो म्हणाला, "काय बी करावं लागत न्हाई गं. आपसूक येत्यात."

सगळी हसली. ग्वेनही हसली, पण तिचा पाय टेबलाखाली हलतच होता.

चर्चच्या तळघरात गरजूंना शिधा मिळायचा. मागच्या अंगाला, सरपणाच्या ढिगाच्या आडोशाला एक बुटकं दार होतं आणि दारावर एक बल्ब. ना पाटी, ना नाव. गुरुवारी दुपारी ल्युसील वेलेट तिथं बसायची. ल्युसील म्हणजे अर्ध्या गावाची मेमे. फ्रेंच घरांतली पोरं आजीला मेमे म्हणतात, आणि ल्युसीलला तर परकी पोरंही तेच म्हणायची. ग्वेन मदतीला म्हणून तिथं शिरली, आणि पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "पाटी कुठाय?"

"कसली पाटी?"

"इथं शिधा मिळतो हे लोकांना कळायचं कसं?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं गं बाई," ल्युसील म्हणाली, आणि पाठ फिरवून टोमॅटोचे डबे पुसायला लागली.

ग्वेनच्या जिवाला ते लागून राहिलं. जाहिरातीशिवाय माल पडून राहतो हे तिच्या हाडात मुरलेलं. त्यात तळघरात माणसं यायची ती भलत्याच कामाला. वेंडेल रॅक्लिफ यायचा चर्चला ऊब देणारी तळघरातली भट्टी बघायला. हाही तिच्याच शाळेतला. कागदाची गिरणी बंद पडेपर्यंत तिथं फिटर होता, आणि आता बायको डॉट अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. हत्यारांची लोखंडी पेटी घेऊन तो दर गुरुवारी यायचा, भट्टीपाशी बराच वेळ खुडबुड करायचा आणि जायचा. हॅस्कलबाई यायच्या वेदीवरची फुलं बदलायला. कुणी भजनाच्या वह्या न्यायला, कुणी खुर्च्या आवरायला. कामाला इतकी माणसं आणि शिध्याला मात्र कुणीच नाही, असं ग्वेनला वाटलं. म्हणजे खोट जाहिरातीतच, दुसरीकडं कुठं असणार?

हिवाळा सरता सरता ल्युसीलची लेक लुइस्टनला बाळंत व्हायची होती. ल्युसीलनं तळघराची किल्ली ग्वेनच्या हातात ठेवली. "काय हलवू नगंस."

"भिंती तेवढ्या जागेवर ठेवते," ग्वेन म्हणाली. ल्युसीलला ती थट्टा वाटली.

ल्युसीलची गाडी गावाबाहेर पडली नसेल तोवर ग्वेननं बाह्या सारल्या. रस्त्याकडचं, वर्षानुवर्षं बंद असलेलं मोठं दार उघडून घेतलं. अंगणात दोघं आडवे झोपतील एवढी प्लायवूडची फळी आणून तिच्यावर स्वतःच्या हातानं सूर्यफूल काढलं, आणि खाली लिहिलं, 'भरलं ताट'. ते नाव तिला अंघोळ करताना सुचलं होतं आणि ती ओल्या केसांनीच कागद शोधत फिरली होती. पाटीवर दिवा लावला. पिवळ्या कापडी पिशव्या शिवून आणल्या, त्यांच्यावर तेच फूल. आपल्या मोटारीच्या दारालाही तिनं फुलाचं एक चुंबकाचं पान चिकटवलं. वर्तमानपत्रात फोटो आला. मग काय, देणाऱ्यांची रीघ लागली. फळ्या भरल्या. बँकेनं फ्रीज दिला, आणि तळघरातली जुनी भट्टी बघून नवी भट्टीही दिली. शेजारच्या गावचा फुलवाला दर आठवड्याला वेदीसाठी फुकट फुलं धाडायला लागला. ग्वेनला रात्रीची गाढ झोप यायला लागली.

त्या गुरुवारी वेंडेल आला तो सवयीनं मागच्या दारानंच. हातात पेटी.

"सुटलास बघ वेंडेल तू," ग्वेन म्हणाली. "नवी भट्टी आली. आता कित्येक वर्षं हात लावायला नको तिला."

वेंडेलनं भट्टीभोवती एक फेरी मारली. पत्र्यावर बोट फिरवलं. "बरी दिसतीया."

"आणि ही लोखंडाची पेटी कशाला वाहतोस उगाच? ही बघ, पिशवी. डॉटसाठी काही घालून देऊ का हिच्यात?"

"नगं. आमचं भागलंय."

तिनं पिशवी त्याच्या हातात कोंबलीच. त्यानं तिची घडी केली, घडीची घडी केली आणि ती खिशात घातली. मग एका बोटानं पेटी उचलून तो गेला. लोखंडाची पेटी एका बोटावर कशी आली, हे ग्वेननं पाहिलं, पण तेव्हा तिचं डोकं पुढच्या फलकात होतं.

पुढच्या गुरुवारी कुणी आलं नाही. बर्फ वितळून चिखलाचे दिवस, रस्ते रबडीसारखे झालेले, म्हणून नसतील आले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. भरलेल्या फळ्यांसमोर ग्वेन येरझाऱ्या घालायची. दूध नासलं, ते तिनं मोरीत ओतलं. महामार्गावर आणखी एक पाटी लावावी का, असा विचार चालला होता तेवढ्यात ल्युसील परत आली.

ल्युसीलनं कोट न काढताच सगळं बघितलं. पाटी बघितली, दिवा बघितला, फ्रीज उघडून झाकला. नव्या भट्टीपाशी मात्र ती थांबली.

"वेंडेल आल्ता?"

"आता त्याला काय काम? भट्टी नवीच आहे."

ल्युसील एका खोक्यावर बसली. "ग्वेन, जुनी भट्टी बिघडलीच न्हवती कधी."

ग्वेनला आधी कळेना.

"त्याच्या पेटीत हत्यारं नसायची. येताना रिकामी, जाताना भरलेली. मी पाठ करून डबे पुसायची आन् तो भरून घ्यायचा. पुसून पुसून डब्यांवरची टोमॅटो गेली माझी."

"हॅस्कलबाई?"

"फुलं."

"फुलवाल्याकडनं फुकट फुलं मीच लावून दिली," ग्वेन सावकाश म्हणाली.

"व्हय. दारात त्याचं नाव बी लिवलंयस. अक्षर चांगलं हाय."

"मग मला सांगायचं नाही का, ल्युसील? एका शब्दानं तरी?"

"सांगितलं असतं तर मग राह्यलं काय गं त्यात?" ल्युसील म्हणाली. ती रागावली असती तर ग्वेनला सोसलं असतं. ती नुसतीच दमलेली दिसत होती. "डॉटला काय खायला घालतोय तो, देवाला ठावं."

घरी जाऊन ग्वेननं कॉफी ठेवली आणि ती उकळून आटून गेली तरी तिच्या ध्यानात आलं नाही. एकेकाची सबब तिनं शोधून शोधून कापली होती, आणि वर त्या कापणीचा फोटो छापून आणला होता. सकाळी खोकं भरलं. सूप, ट्यूना, शेंगदाण्याचं लोणी, डॉटला आवडतात म्हणून पीचचे डबे. मोटार वेंडेलच्या रस्त्याला लागली आणि मग तिला दारावरचं सूर्यफूल आठवलं. मोटार कडेला घेऊन तिनं ते ओरबाडून काढलं आणि मागच्या सीटखाली सारलं.

वेंडेल पायरीवरच आडवा उभा राहिला. मागं कोंबड्या चिखल उकरत होत्या. त्यांच्या खुराड्याची एक भिंत कोसळून तिथं ताडपत्री बांधलेली. गेल्या महिन्यात होता त्याहून तो हाडकला होता. त्याची नजर मोटारीच्या मागच्या काचेतनं आत गेली आणि खोक्यावर टेकून परत आली.

"सहज आले होते," ग्वेन म्हणाली.

"कोण हाय?" आतनं डॉटचा जड जिभेचा आवाज आला.

"ग्वेन हाय गं," वेंडेल मागं न बघता म्हणाला. "अंडी न्यायला आलीया."

ग्वेननं डोक्यावरची टोपी काढून पुढं धरली. तो खुराड्यात गेला, अंडी घेऊन आला, वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून त्यानं ती तिच्या टोपीत भरली. कागदावर पाटीच्या फोटोतलं अर्धं सूर्यफूल होतं. ते त्यानं मुद्दाम केलं की हाताला येईल तो कागद घेतला, हे विचारायची सोय नव्हती.

"डॉटला नमस्कार सांग," ती म्हणाली.

"सांगतो. चिखलातनं संभाळून जा."

ज्या घरात खायला नाही त्या घरातनं ती अंडी घेऊन आली. त्यांचं करायचं काय? खाववेनात, टाकवेनात. फ्रीज उघडला की ती समोर. तिनं आख्खं घर पुसून काढलं. तळ्याला वळसा घालून आली. लेकीला फोन लावला आणि तिनं उचलायच्या आधीच ठेवून दिला.

शनिवार आला तशी ती कचरा घेऊन उकिरड्यावर गेली. कागदोपत्री त्या जागेला मोठं सरकारी नाव आहे, पण गाव उकिरडाच म्हणतं, आणि शनिवारी सकाळी सगळं गाव तिथं असतं. निवडणुकीला उभी राहणारी माणसं हात मिळवायला आधी तिथं येतात. कोपऱ्यात एक पत्र्याची खोपी. ज्याला जे नको ते त्यानं तिथं ठेवायचं, ज्याला हवं ते त्यानं न्यायचं. ओनील खोपीच्या तोंडाशी मोडकी खुर्ची टाकून बसायचा.

खोपीत वेंडेल होता. बगलेत एक जुना रेडिओ. गावच्या डॉक्टरीणबाई फुटक्या काचेचा दिवा धुंडाळून दाखवत होत्या आणि तो त्यांना चिडवत होता, "तुमच्या घरात एवढा उजेड हाय, आन् तुमास्नी उकिरड्यातला दिवा पायजे?"

"तुला वाजत नसलेला रेडिओ पाहिजे, तसंच ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघंही हसत, हात भरून बाहेर पडली. ग्वेन दिसताच वेंडेलनं मान हलवली आणि ट्रकाकडं गेला. पायरीवरच्या त्या वेंडेलला आणि ह्याला एकच आई असेल असं वाटू नये.

ग्वेन कचऱ्याची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला मूळव्याधीचं मलम आठवलं. बॉस्टनमधलं तिचं पहिलं मोठं काम ते. मलम चांगलं, दुखणं घरोघर, आणि दुकानात कुणी हात लावत नव्हतं. तेव्हा तिनं एक अक्षरही मोठं केलं नव्हतं. उलट डबीवरची अक्षरं बारीक करवली, डबी टूथपेस्टसारखी केली आणि टूथपेस्टच्या फळीवर ठेववली. माणूस त्या फळीपाशी टूथपेस्ट घ्यायला म्हणून उभा राहायचा. ह्याच्यावर तिनं बक्षीस मिळवलं होतं, भिंतीवर लावलं होतं, आणि सूर्यफूल काढताना ते तिला आठवू नये?

"पिशवी टाकणार हायस का लग्न लावणार हायस तिच्याशी?" ओनील म्हणाला.

"ओनील, तुझ्या खोपीत मला फळ्या ठोकायच्यात."

"कशाला?"

तिनं सांगितलं. ओनीलनं टोपी काढून डोकं खाजवलं. "खायाचं? माझ्या उकिरड्यात?"

"बंद डबे. आणि तू रिकाम्या बाटल्या साठवतोस त्या खोलीत वीज आहे ना?"

"हाय. माझ्या कॉफीपुरती."

"तिथं फ्रीज येईल. दूध, लोणी. तुझं म्हणून. तुझं जास्त झालं तर तू लोकांना ने म्हणणार."

"माझं एवढं दूध? मला काय वासरू समजायचं का लोकांनी?" पण तो नाही म्हणाला नाही.

गावच्या पंचांपुढं ग्वेन उभी राहिली आणि खोपीत फळ्या बसवायच्या आहेत, एवढंच म्हणाली. दूध-डब्यांचं काय ते मोठ्या पंचाच्या कानावर घातलं. ग्वेनची बैठक कॉफी गार व्हायच्या आत संपली, हे बघून बाकीचे पंच एकमेकांची तोंडं बघत राहिले.

ल्युसीलला पटवणं अवघड होतं. तळघर तिनं तळहाताच्या फोडासारखं जपलेलं. "उकिरड्यात?" ती पुन्हा पुन्हा म्हणाली.

"तिथं सगळेच वाकून उचलतात, ल्युसील. डॉक्टरीणबाईसुद्धा."

ल्युसीलनं हातातला डबा पुसून फळीवर ठेवला. मग म्हणाली, "पाटी?"

"नाही."

"पेपरात?"

"नाही."

"तुला जमंल?"

"काय?"

"गप ऱ्हायाला."

ग्वेन शिडी घेऊन रस्त्याकडं गेली आणि पाटीचे खिळे उपटायला लागली. आपल्याच हातानं ठोकलेले, घट्ट बसलेले. एकेक खिळा निघताना कुरकुरत होता. खाली उतरून तिनं पाटी भिंतीला उलटी टेकवली, पण जाताना एकदा पुढनं बघून घेतलीच.

पहिल्या शनिवारी डब्यांना कुणी शिवलं नाही. मोडक्या स्कीज, बिनकानाचे कप, कोड्यांचे डबे हातोहात गेले आणि सुपाची रांग तशीच उभी. लोक तिच्याकडं बघून नजर वळवत होते. ग्वेननं ओळखलं, फळीला माणसाची सवय लागली पाहिजे. पुढच्या शनिवारी तिनं मोठ्यानं हाक दिली, "ओनील, ह्या बीन्स कुणी टाकल्या रे? मी नेते."

"ने की. बॉस्टनात राहून चूल पेटवायची इसरलीस."

बीन्सचं खोकं उरावर घेऊन ती सगळ्यांच्या देखत मोटारीपर्यंत चालत गेली. डॉक्टरीणबाईंनी भोपळ्याचे डबे उचलले. त्यांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. फुकटचं त्यांना मुळातच आवडायचं. गावच्या पोलिसानं सॉस नेला. ग्वेन सोमवारी बीन्स गुपचूप परत आणून ठेवायची आणि शनिवारी पुन्हा न्यायची. मग एकदा एका तरण्या पोरीनं बाहुलीच्या घरात शेंगदाण्याचं लोणी घालून नेलं. ज्या म्हाताऱ्याला भजनाच्या वह्या लागायच्या, त्यानं सुटकेस नेली आणि ती दोन हातांनी उचलून नेली. हॅस्कलबाई मात्र आल्या नाहीत. ग्वेन त्यांच्या दारी दोनदा जाऊन आली, पडदे ओढलेले होते. मागनं कळलं, त्या बँगरला बहिणीकडं राहायला गेल्या. तेवढं ग्वेनच्या खात्यावर राहिलं ते राहिलंच.

आणि वेंडेल. तो यायचा, रेडिओच्या ढिगात हात घालायचा, फळीकडं बघायचाही नाही. तो आला की ग्वेन ओनीलशेजारी खोपीकडं पाठ करून बसायची. ल्युसीलसारखे पुसायला डबेही हाताशी नव्हते. मान वळावी म्हणून तिचा सगळा जीव मानेत यायचा.

"वळू नगंस," ओनील ओठ न हलवता म्हणायचा.

"घेतलं का?"

"वळू नगं म्हटलं ना. आन् पाय हलवू नगं, माझी खुर्ची हलतीया."

"घेतलं का पण?"

"टोस्टर बघतोय."

असे टोस्टर बघण्यात किती शनिवार गेले. झाडांना पालवी फुटली, काळ्या माश्या चावायला लागल्या. एका शनिवारी ग्वेननं ती पाटी मोटारीच्या टपावर बांधून आणली आणि लाकडाच्या ढिगाकडं ओढत नेली. तळघराच्या भिंतीशी ती उलटी टेकलेली बघूनही ग्वेनच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

"ग्वेन," मागनं आवाज आला. वेंडेल खोपीतनं आला होता. "ती टाकाय आणलीस काय?"

"हो."

त्यानं फळीवर बोटांची पाठ वाजवून बघितली. "प्लायवूड चांगलं हाय. खुराड्याची भिंत गेलीया माझी. नेऊ?"

"ने."

"एकट्याच्यानं न्हाई जायाची. त्या टोकाला धर."

तिनं धरलं. दोघं फळी घेऊन चिखलातनं ट्रकापर्यंत गेली. ट्रकाच्या हौद्यात कोपऱ्याला ती लोखंडी पेटी होती. झाकण पुरतं बसलं नव्हतं. फटीतनं पीचच्या डब्याची पिवळी कड दिसत होती.

वेंडेल तिच्याकडं बघत होता. ग्वेनच्या तोंडाशी काय काय आलं.

"हळू," तो म्हणाला. "खाली हत्यारं हायेत."

"भिजू देऊ नकोस," ग्वेन म्हणाली. "आभाळ आलंय." आणि तिनं आपल्याकडचं टोक सरकवत सरकवत आणून पाटी पेटीवर नीट झाकून घातली.

वेंडेलनं दोरी आवळली. पाटीवरचं फूल वर आलं होतं, ते त्यानं मान वाकडी करून बघितलं. "रंगाची बाजू आत घालीन. कोंबड्यास्नी काय वाचाय येत न्हाई." मग ट्रकात बसता बसता म्हणाला, "आन् अंडी संपली असतील तुझी. येऊन जा."

"येते."

ट्रक गेला तशी ती येऊन खुर्चीवर टेकली.

"काय म्हणाला?" ओनीलनं विचारलं.

"कोंबड्यांचं बोलत होता."

ओनीलनं तिच्याकडं बघितलं, कॉफीचा दुसरा कप भरला आणि तिच्या हातात दिला. ग्वेन घोट घेऊन गप बसली. मग तिचा पाय हळूहळू हलायला लागला.